टाकाला लावलेलं नेलपॉलिश

१८ नोव्हेंबर १९९३, गुरुवार

तीन कंपन्या, अन् धरायची एकच. सूर्यभान एजंट जालन्याहून आला. माझ्या दुकानाच्या फळीवर बाटल्या मांडल्या — मोहिनी, परी, स्टार क्वीन. "वहिनी, एकीवर हात बसवा. तीन तीन धराल तर एकीचाबी अंदाज येणार न्हाई." बोलतो लय, पण हे खोटं नाही. परभणीला कोर्सच्या बाईही हेच सांगायच्या. कुणाचं नेलपॉलिश पातळ, कुणाचं चिकट, कुणाच्या ब्रशचे केस गळतात. नवरीचा हात हातात घेतल्यावर शोध लावत बसायचं नसतं.

दुकान म्हणजे तरी काय, घराची पुढची खोली. आरसा, खुर्ची, फळी, दाराला पडदा. ५ डिसेंबरला आबासाहेबांच्या मुलीचं लग्न. सेलूतले कापसाचे मोठे व्यापारी ते, अन् ती माझी पहिली नवरी. ती नीट झाली तर यंदाच्या सगळ्या नवऱ्या माझ्याकडं येतील. बिघडली तर या खोलीत पुन्हा जळणासाठी कापसाच्या पराट्या रचायच्या, हे सासूबाईंनी आत्ताच ठरवून ठेवलंय. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो.

"तिला दाखवलं का?" — आत्याबाई दारातूनच. मी म्हटलं, अहो नेलपॉलिश आहे, लुगडं नाही.

"नवं त्ये नवं. आधी तिचं."

१९ नोव्हेंबर

ती म्हणजे चांगुणा. ह्यांची पहिली बायको. दुधना नदीवर धुणं धुवायला गेली, पाणी चढलं, काठावर बादली तेवढी सापडली. देह मिळालाच नाही. काही दिवस वाट पाहिली अन् मग सोनाराकडून चांदीचा टाक घडवून आणला. अंगठ्याएवढा, त्यात एक बाई उभी. मी दुसरेपणाची, म्हणून मंगळसूत्राबरोबर तोही माझ्या गळ्यात आला. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं. बांगड्या आधी तिला, सणाचा घास आधी तिला. मग उरलं ते माझं, मनकर्णाचं.

जिवंत सवत असती तर दोन हात केले तरी असते. हिच्याशी काय भांडणार? रात्रंदिवस छातीवर. आंघोळीतसुद्धा काढायची सोय नाही. मागच्या वर्षी माझ्या पोटातलं गेलं, तेव्हा डॉक्टरीणबाई काय सांगत होत्या ते आत्याबाई ऐकेचनात. "तिनं नेलं," एवढंच. मला ते अजून झोपेत ऐकू येतं.

आज तिन्ही बाटल्यांतला एकेक थेंब टाकाला लावला. मोहिनी पायाशी, स्टार क्वीन हाताशी, परी कपाळावर. तिन्ही लालच. कपाळावरचा टिपका कुंकवासारखा दिसायला लागला. टाक पटकन पोलक्यात टाकला.

२० नोव्हेंबर

आता माझी पाळी. अंगठा अन् शेजारचं बोट मोहिनी, मधलं स्टार क्वीन, राहिलेली दोन परी. दोन्ही हातांना सारखंच. राखेनं भांडी, शेणानं सारवण, पराट्या मोडून चूल — काही सोडायचं नाही. नवरीला काय देव्हाऱ्यात बसवणार आहेत? हळद उतरली की ती पण भांड्यालाच बसणार.

ह्यांनी हात पाहिले. "होळी खेळली का?" म्हणाले अन् जिनिंगवर कामाला गेले. काट्यावर असतात हे. दिवसभर कापूस तोलायचा अन् घरी येऊन गप्प बसायचं.

२२ नोव्हेंबर

स्टार क्वीनला बुडबुडे आले. कटाप. परीचे टवके निघाले, करंगळी तर कोंबडीनं टोचल्यासारखी दिसतीय. मोहिनी टोकाला जराशी झिजली, बाकी जशीच्या तशी.

म्हणजे मोहिनी. किती सोपं होतं!

पण आंघोळ करताना टाक हाताला लागला म्हणून पाहिला. पायाशी मोहिनी नाही. हाताशी स्टार क्वीन नाही. कपाळावरची परी मात्र लखलखीत, आत्ता लावल्यासारखी. पाणी अंगावर तसंच राहिलं माझ्या.

२३ नोव्हेंबर

आत्याबाईंना सांगायला नको होतं. सांगून बसले.

२५ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न. अंगणात बायका जमल्या तर आत्याबाई सगळ्यांना सांगत सुटल्या — "आमच्या चांगुणानं कंपनी निवडली. परी." बायका हसल्या नाहीत. एकीनं उठून माझ्या टाकाला हात लावून तो कपाळाला लावला.

दुपारी दुकानात एकटीच होते. आरशात पाहिलं तर आधी टाक दिसला, मग मी. मी तर तो आत सारला होता, मग बाहेर कधी आला? म्हटलं पुसूनच टाकते. कापसावर रिमूव्हर घेतलं अन् घासलं. परी निघेना. कपाळाच्या रेघांत जाऊन बसलेली. घासता घासता बाटली कलंडली, खोलीभर वास. अन् त्या वासाच्या खाली नदीच्या गाळाचा वास होता. मी हे खोटं लिहीत नाही. या वहीत खोटं लिहून मला काय मिळणार आहे?

आरशावर टॉवेल टाकला अन् बाहेर येऊन बसले.

२९ नोव्हेंबर

विद्यापीठाच्या नामांतरावरून परभणीला पुन्हा बंद. गाड्या नव्हत्या म्हणून सूर्यभान उशिरा, आज आला. मी म्हटलं, परी द्या.

त्यानं माझ्या बोटांकडं पाहिलं. "वहिनी, परी माझ्याकडचीच हाय, तरी सांगतो. ती निघती. तुमच्या बोटावर दिसायलीय की."

"आमच्या घरातून तेच ठरलंय."

"घरातून कुणी ठरवलं?"

काय सांगू त्याला? बुडालेल्या बाईनं म्हणून? परीचा डबा घेतला. मोहिनीची नमुन्याची अर्धी बाटली तो फळीवर विसरला, का मुद्दाम ठेवून गेला कोण जाणे.

४ डिसेंबर

व्हायचं ते झालं.

दुपारी नवरीची नखं रंगवली. सुरेख दिसत होती. संध्याकाळी हळद. तेलात कालवलेली हळद बायकांनी दोन्ही हातांनी चोळली, अन् परी सालीसारखी सुटली. अर्धी नखं लाल, अर्धी पिवळी. नवरीच्या आत्यानं, पार्वतीबाईनं, पोरीचा हात वर धरून सगळ्या मांडवाला दाखवला. "ह्ये काय केलंस गं? नवरीची नखं सोलली की."

माझ्या करंगळीनं मला आधीच सांगितलं होतं! डोळ्यांनी पाहिलेलं सोडून मी चांदीच्या तुकड्याचं ऐकलं. स्वतःचाच राग राग येतोय. नवरी बिचारी नुसती हातांकडं बघत राहिली. ते जास्त लागलं.

५ डिसेंबर

पहाटेच आबासाहेबांच्या घरी गेले. पदराखाली मोहिनीची ती अर्धी बाटली. टाकाला दाखवली नाही. टाक उलटा करून पाठीवर टाकला, दोऱ्याला पदर गुंडाळला. आधी नवरीची नखं रिमूव्हरनं पुसून सगळं तेल काढलं, कालही हळदीनंतरच रंगवायला हवी होती. मग मोहिनीचे दोन हात दिले, सावकाश. पार्वतीबाई माझ्या डोक्यावर उभ्याच. शेवटी म्हणाल्या, "आता बरं दिसायलंय."

अक्षता पडेपर्यंत माझं लक्ष नवरीच्या बोटांवरच होतं. अन् पाठीवर टाक गार लागत होता. इतका गार की वाटलं कुणी ओलं बोट टेकवलंय.

१३ डिसेंबर, सोमवती अमावस्या

आबासाहेबांची मुलगी मांडवपरतणीला आली, नखं अजून धड. आज दोन बायका पौषानंतरच्या लग्नाचं विचारून गेल्या. मी खूश व्हायला पाहिजे.

आत्याबाईंनी टाक दुधानं धुतला अन् फळीवरची मोहिनी पाहिली. सगळं त्यांच्या ध्यानात आलं. ओरडल्या नाहीत. "तिला चुकवून केलंस. आता ती काय मागंल त्ये द्यावं लागंल," एवढं म्हणून स्वयंपाकाला लागल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२० डिसेंबर

ह्यांना विचारलं, चांगुणा कशी होती? हे म्हणाले, "व्हती." चप्पल घालून बाहेर.

२८ डिसेंबर

पाळी चुकली. कुणाला सांगितलं नाही. टाकालाही नाही.

५ जानेवारी १९९४

गिऱ्हाईक येतंय. पेडगावची माझी माहेरची एक मैत्रीणसुद्धा येऊन गेली. मी नखं रंगवते अन् डावा हात आपोआप पोटावर जातो. झोपताना टाक पाठीकडं टाकते, उठते तेव्हा तो पोटावर आलेला असतो. दोरा लांब आहे, कूस बदलली की येणारच. हे मला कळतं. तरी घाम फुटतो. चांगुणे, तुझ्या पाया पडते, एवढं मला राहू दे. लुगडी घे, बांगड्या घे, दुकान घे. हे नको.

१२ जानेवारी, बुधवार

आजच लिहून काढते. नाहीतर उद्या मला स्वतःलाच पटणार नाही.

आत्याबाई पाथरीला लेकीकडं गेलेल्या. दुपारी एक बाई पडदा सारून आत आली. माझ्यापेक्षा मोठी, अंगानं भरलेली, हातांवर तेल उडाल्याचे जुने चट्टे. "म्हातारी घरात हाय का?" हे पहिलं विचारलं. नाही म्हटल्यावर बसली. देवगाव फाट्याला चहा-भज्याचं हॉटेल आहे म्हणाली, तिचं अन् तिच्या माणसाचं. "संक्रांत आली. हाताला जरा रंग लाव माझ्या."

मी मोहिनी काढली. खाली वाकले तर टाक पोलक्यातून बाहेर आला अन् तिच्या हातापुढं लोंबायला लागला. तिनं तो धरला.

"ह्ये कोण?"

"माझी सवत. चांगुणा. नदीत गेली."

तिनं टाक जवळ ओढला, त्याबरोबर माझी मान. बराच वेळ निरखलं. म्हणाली, "नाक एवढं बसकं न्हाई माझं."

मी हसले. आधी हसले अन् मग कळलं.

"भिऊ नको. हात धरून बघ, गरम हाय." गरमच होता. ओलं नेलपॉलिश माझ्या मनगटाला पुसलं गेलं. "नदीत गेलेच न्हाई मी. पोर होईना म्हणून म्हातारी जेवाय देत न्हवती. बादली काठाला ठेवली अन् सडकेनं निघाले. वाटलं मागून कुणी आलं तर फिरावं. कुणी आलं न्हाई."

सुचलं ते भलतंच. म्हटलं, मी सगळं आधी तुम्हाला दाखवत होते. घास, लुगडं, सगळं. तर ती रडायलाच लागली. "तेवढं त्या घरात कुणी केलं न्हाई माझं," म्हणाली.

मग मी विचारलं. विचारल्याशिवाय राहवलंच नाही. मागं माझं पोटातलं गेलं, ते तुम्ही नेलं म्हणतात.

तिनं ओली नखं वर धरली अन् कोपरानं मला जवळ ओढलं. "मी कशाला नेईन गं बाई? मी फाट्यावर भजे तळायले व्हते."

दोघीही हसलो अन् दोघीही रडलो. राहिलेली बोटं मी पूर्ण केली. जाताना म्हणाली, "कुणाजवळ बोलू नको. तुझं लगीनच खोटं म्हणतील." स्टँडच्या दिशेनं गेली. मी पडद्याआड उभी राहून तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.

१४ जानेवारी, संक्रांत

विद्यापीठाच्या नावाचं ठरलं म्हणे. गल्लीतून पोलिसांची गाडी दोनदा गेली. आत्याबाई परतल्यात. "तिला तीळगूळ दाखव," म्हणाल्या. दाखवला. पोटातल्याचं ह्यांना सांगावं की आधी तिचं सांगावं, हेच दिवसभर डोक्यात. ह्यांनी तिच्यासाठी किती सोसलं असेल! जिवंत आहे म्हटल्यावर काय होईल ह्यांचं?

१६ जानेवारी, रविवार

ह्यांना जेवायला वाढलं अन् म्हटलं, बुधवारी दुकानात एक बाई आली होती. नाव सांगितलं नाही. गाव सांगितलं नाही. ह्यांनी वर न बघता भाकरी मोडली अन् म्हणाले, "देवगाव फाट्याची? बरी हाय ना ती?"