चकाकणारी वही

ती. ताईस,

धाकट्या भावाचा सलाम.

पुठ्ठा मी कापला, कातडं मी ताणून चढवलं, क्रूसाभोवतीची द्राक्षवेल मी तापल्या सुईने उठवली, खुणेची फीत मी विणली (विकतची रंग सोडते), आणि पानापानावर मेण चोळून अशी चकाकी आणली की दाढीला आरसा नको. हे सगळं कुणी न शिकवता. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला? आमच्या घरी आता एकट्याचाच खोकला.

ही वही तुझ्या भावजयीला प्रार्थना लिहायला दिली होती. ती मात्र लिहायची वाण्याच्या बिलांच्या पाठीवर. दर रविवारी उपासनेहून आलो की मी कपाटातली वही उघडायचो, पहिलं पान बघायचो आणि टोमणा मारायचो, की राणीसाहेबांना अजून सवड झालेली दिसत नाही. ती म्हणायची, "अहो, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. एवढ्या देखण्या वहीत कशाला नाचवू?" मला ते पटायचं. वही देखणी होतीच.

तिला मातीत ठेवून सहा महिने झाले. परवा पहिल्या पानावर तिचं नाव घालायला बसलो, तर शाईचे मणी झाले आणि घरंगळत माझ्या बाहीत शिरले. दोष शाईचा, हे उघड होतं. तसाच दुकानात गेलो आणि विचारलं, पाणी किती घालता? दुकानदाराने त्याच शाईने पावतीवर लिहिलं, 'गिऱ्हाईक डोकं खातं', आणि ती हातात दिली. (लगेच वाळलं. काळंभोर.)

घरी येऊन वही खिडकीपाशी तिरकी धरली. शेवटच्या पानावर, जिथे मी कधी बघितलंच नव्हतं, निबाचे ओरखडे होते आणि शाई पुसल्याचा निळा डाग. मेणावर शाई धरत नाही, हे तिला तेव्हाच कळलं होतं. माझ्या हातांना नावं ठेवायला नकोत, म्हणून बाईने आपल्या अक्षराला नावं ठेवली. ताई, तिचं अक्षर सुरेख होतं गं. तू एकदा मला दटावलं होतंस, "वहीवरून तिला छेडू नकोस रे." तुला ठाऊक होतं ना?

तुझा,
भाऊ

ता. क. : ती बिलं मी रद्दी समजून गिऱ्हाइकांची पुस्तकं बांधताना पुठ्ठ्यांना आतून अस्तर म्हणून लावत आलो. तिच्या हातचं आता घरात काही नाही. तुला तिने लिहिलेली पत्रं असतील, ती पाठव. वहीच्या या पानांवर खळही धरणार नाही, म्हणून टाके घालून बसवीन. टाके माझे चांगले आहेत, असं ती म्हणायची. (त्यावर किती विसंबायचं, ते तूच सांग.)

ता. क. दुसरा : भेटवस्तूंचा दुकानदार वहीचे पाच हजार देत होता. मी खरं ते सांगितलं, की हिच्यात लिहिता येत नाही. तो म्हणाला, "भेटीच्या वहीत लिहितं कोण? सहा घ्या." सहा हजारही नाकारले.