तिप्पण्णा मागून येतोय

कोलंबो, मुक्कामाचा तिसरा दिवस

गौरम्मा वहिनींना राजेसाबचा लंकेतून नमस्कार.

तब्येत कशी आहे? गुडघ्याला तेल लावताय ना? सुरुवातीलाच कागद खराब झाला त्याबद्दल माफी करा. तीस वर्षांच्या सवयीनं हात आधी ‘सौ.’ लिहून गेला. ते खोडलं. मग दुसरं काय लिहायचं ते माहीत होतं, पण पेन चालेना. म्हणून नुसतं वहिनी. फोन करणार होतो, पण फोनवर तुम्ही ‘हॅलो’ म्हणता आणि पुढचं मला बोलता येत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तेव्हा या पत्राचा फोटो दाक्षायणीच्या मोबाइलवर पाठवतो, ती वाचून दाखवेल. (दाक्षायणी, कंसातलं आईला वाचू नकोस. ती रात्री जेवते का, तेवढं मला वेगळं कळव.)

प्रवास सुखाचा झाला, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. कंबर तलावावर सकाळी फिरणारी आपली मंडळी विमानातून उतरली तेव्हा फार तोऱ्यात होती. रामहरीनं तर (तो केमचा रामहरी, एसटीतून रिटायर झालेला) दारातच जाहीर केलं, “आमी सोलापूरची माणसं, आमाला उन्हाचं काय सांगता?” दहा मिनिटांत त्याचा शर्ट पिळायची वेळ आली. आपल्या उन्हात माणूस वाळतो हो, इथं भिजतो. आणि परदेश म्हणजे थंडीच असणार म्हणून प्रत्येकानं एकेक सोलापुरी चादर आणलेली! हॉटेलातली पोरगी त्या चादरींकडे बघून इतकी हळहळली, की तिला वाटलं असावं आम्ही सगळे तापानं फणफणलोय.

त्याहून वाईट हाल कडक भाकरीचे झाले. बजाबाईंनी पन्नास भाकऱ्या वर्तमानपत्रात बांधून आणल्या होत्या. आपल्याकडं महिनाभर पापडासारख्या कडकडतात, इथल्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी त्यांचा रुमाल झाला. घडी घालून खिशात ठेवता येईल असा! बजाबाई हॉटेलच्या पायरीवर बसून रडायला लागल्या. “लई मऊ झाल्या की वं,” एवढंच म्हणत होत्या. आम्ही समजूत घालायला गेलो आणि आमचेही डोळे भरून आले. भाकरीसाठी एवढं कुणी रडत नाही, वहिनी. तिप्पण्णानं त्यांना बजावलं होतं, “बजाबाई, माझ्या वाटणीच्या दहा जास्त घ्या.” त्यांनी त्या घेतल्या होत्या.

आता मुख्य गोष्ट सांगतो. रागावू नका, किंवा रागवा, पण शेवटपर्यंत ऐका.

इथला आमचा गाइड नालक म्हणून आहे. भला माणूस, मोडकं हिंदी बोलतो. विमानतळावर त्यानं यादी काढली आणि हजेरी घेतली. यादीत बारा नावं. सातवं नाव तिप्पण्णाचं. तुमच्या मालकांनी जन्मभर शाळेत दुसऱ्यांची हजेरी घेतली, आणि आपल्या नावाला मात्र कुणी ‘हजर’ म्हणेना. नालकनं तीनदा पुकारलं. शेवटी रामहरी इंग्रजीत म्हणाला, “ही गॉन.” नालक म्हणाला, “गॉन व्हेअर?” रामहरी वैतागला, “आरं, कुटं म्हंजे काय, गेला की!” आणि त्यानं बोट वर केलं. नालक वरच्या मजल्यावर पळाला. अर्धा तास सगळी दुकानं आणि संडास धुंडाळून घामाघूम होऊन आला. तेव्हाच मी सांगायला हवं होतं. मी काय म्हणालो माहीत आहे? “मागून येतोय.”

एकदा हे तोंडातून गेल्यावर पुढं सगळा गोंधळच झाला. माझ्या नि तिप्पण्णाच्या नावच्या खोलीत दोन पलंग, दोन शहाळी, टॉवेलांची केलेली दोन बदकं. दुसऱ्या दिवशी बस तिप्पण्णासाठी अडून राहिली. मी सांगितलं, तिप्पण्णा रात्री उशिरा आला, खोलीत आहे, पोट बिघडलंय, मी त्याच्याजवळ थांबतो. मला वाटलं, निभावलं. तासाभरात दारात डॉक्टर! खोलीत मी एकटा. त्यांनी विचारलं, “मिस्टर टिप्पान्ना?” मी मान हलवली. त्यांनी नाडी बघितली, छातीला नळी लावली, कितीतरी वेळ ऐकलं, आणि माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, हृदय अगदी ठणठणीत आहे, काळजी नको, अजून वीस वर्षं बघायला नको. कागदावर तसं लिहूनही दिलं, वर नाव तिप्पण्णाचं. ते गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि बजाबाईंच्या वरताण रडलो. तीन महिने उशीर झाला हो त्या डॉक्टरांना.

आज सकाळी नालक फुलं घेऊन आला. डॉक्टरांनी पास केलेला पेशंट पलंगावर नाही. म्हणजे काल होता, आज नाही, म्हणजे हरवला! बिचारा दिवसभर समुद्रकाठी ‘टिप्पान्ना, टिप्पान्ना’ करत हिंडला. उद्या सकाळी आठपर्यंत सापडला नाही तर पोलिसात जाणार म्हणतो. रामहरी माझ्यावर चिडलाय. “नाव काडायला तुला लावलं हुतं. तूच निस्तर,” म्हणतो.

खरं आहे ते. मंडळींनी मलाच सांगितलं होतं, की टूरवाल्यांकडं जाऊन यादीतलं नाव कमी करून ये. मी तीनदा गेलो, वहिनी. तीनही वेळा काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, “काय काम होतं काका?” आणि मी तिला लंकेत पाऊस पडतो का ते विचारून परत आलो. येताना दरवेळी एक छत्री घेतली, घरी तीन झाल्या. चांदबीला वाटलं, नवऱ्याला वेड लागलं.

‘तिप्पण्णा वारला’ हे मी अजून एकदाही तोंडानं म्हटलेलं नाही. सोलापुरात म्हणायची गरजच पडली नाही, सगळ्यांना माझ्याआधी कळलं होतं. इथं पहिल्यांदाच असा माणूस भेटला ज्याला माहीत नाही. त्याच्या लेखी तिप्पण्णा नुसता उशिरा येणारा माणूस आहे. तो समुद्राकडं तोंड करून हाका मारत होता तेव्हा मीही मागं वळून बघितलं, खोटं कशाला बोलू. तुमचे मालक म्हणायचे, “राजेसाब, समुद्र बघायचा तर बेटावर जाऊन बघायचा की, चारी बाजूंनी!” मी एकाच बाजूनं बघितला. पुढं बघवेना.

असो. तब्येतीला जपा. दाक्षायणीला आणि तिच्या लेकरांना आशीर्वाद.

तुमचा भावजी,
राजेसाब

ता. क. एक काम होतं, खरं तर त्यासाठीच लिहायला बसलो. तिप्पण्णाच्या मृत्यूच्या दाखल्याचा फोटो दाक्षायणीला पाठवायला सांगा. त्यावर इंग्रजीतही लिहिलेलं असतं. नालक वाचेल, मला बोलावं लागणार नाही. आठच्या आत यायला हवा.

आणखी ता. क. दाखला शोधत बसू नका. तो माझ्याच मोबाइलमध्ये आहे. महापालिकेत रांगेत मीच उभा होतो, तुम्हाला आठवत नसेल. आज तीनदा मोबाइल नालकच्या पुढं धरला आणि तीनदा नातवाचा फोटो दाखवला. तुम्ही फक्त ‘दाखवा भावजी’ एवढं कळवा. तुम्ही म्हणालात, तर तो गेला हे मी मान्य करीन.