निळे ओठ

पूर्णा

अवधूत यांस,

नमस्कार लिहावासा वाटत नाही, म्हणून लिहीत नाही.

स्वरदाचं टॉन्सिलचं ऑपरेशन झालं आणि भूल पुरती उतरायच्या आत तिला खाटेवर आणून निजवलं. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा होता. सिस्टरनं तो काढून शेजारच्या बाळाला लावला, कारण वॉर्डात मशीन एकच. थोड्या वेळानं लेकराचं घोरणं थांबलं. मी वाकून पाहिलं तर ओठ निळे पडायले होते. मी ओरडले. तुम्ही माझा दंड दाबलात.

"कशाला बोंबलायलीस? झोपलीय ती. डॉक्टर माझे मित्र आहेत, शोभा नको."

मी हात सोडवून पळाले. सिस्टरनं चिमटा लावला तर शंभराजवळ पाहिजे तो आकडा साठाच्या जवळ. तिनं पोरीची हनुवटी उचलून धरली, मास्क लावला. आकडा हळूहळू वर चढत होता, तेव्हा तुम्ही दारात डॉक्टरांची माफी मागत होतात. "बायको लय घाबरट आहे हो," म्हणून.

दवाखान्यातून सुटल्यावर मी तिला घेऊन इथं पूर्णेला माहेरी आले. काल फोनवर तुम्ही तिला सांगितलंत, बाबानं पळत जाऊन सिस्टरला आणलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. एवढ्याशा पोरीला तिचा बाप खोटं बोलतो हे कोणत्या तोंडानं सांगू? म्हणून हे पत्र टाकणार नाही, फाडून टाकीन.

फोनवर एवढंच सांगेन. स्वरदाला भेटायला या. मला न्यायला येऊ नका.

स्वरदाची आई,
योगिनी