अठ्ठेचाळीस ओळींचं घड्याळ

प्रिय अप्पा,

एक निर्णय घ्यायचा आहे आणि तो तुम्हाला न विचारता घेणं मला योग्य वाटत नाही, म्हणून आज लिहिते आहे. आधी झालं ते क्रमाने सांगते.

१. तुम्हाला जाऊन आज सात आठवडे झाले.
२. तुम्ही स्मार्टवॉचच्या पडद्यासाठी बनवलेलं घड्याळ पूर्ण आहे. मी ते दिवसभर हातात घालून तपासलं. चूक सापडली नाही.
३. रविवारी हुलसूरच्या वर्गात ते दाखवलं. नऊ जण होते. सगळे कलाकार, कोडची एक ओळही न लिहिलेले.
४. शुक्रवारी सकाळी ते ऑनलाइन टाकायचं आहे, म्हणजे कुणालाही आपल्या घड्याळात घेता येईल.
५. त्यासाठी तुमची फाइल उघडली. ‘बनवणाऱ्याचं नाव’ या चौकटीत तुम्ही माझं नाव लिहून ठेवलं आहे.

पाचवा मुद्दा मला मान्य नाही.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती. चित्रकारांना कोड शिकवायचा वर्ग आखला, तेव्हा पहिला विद्यार्थी म्हणून तुम्हाला घेतलं, ते वडील म्हणून नव्हे. बसवकल्याणात सगळा जन्म बोर्ड रंगवण्यात गेलेला, कॉम्प्युटरला कधी हात न लावलेला माणूस! याला जमलं तर कुणालाही जमेल, असा माझा सरळ तर्क होता. राग आला का?

तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी मला अडवलंत. मी काटे कसे काढायचे ते सांगत होते. तुम्ही म्हणालात, “काटे कामून पाहिजेत गं? माणूस काय काटे बोलतो व्हय? कुणाला इचारलं तर सव्वाचार म्हणतंय, पावणेपाच म्हणतंय. घड्याळानं तसंच म्हणावं.”

म्हणून तुमच्या घड्याळात काटे नाहीत, आकडे नाहीत. दर पाव तासाला फक्त शब्द बदलतो. पिवळी अक्षरं आणि त्यांची लाल सावली, उजवीकडे खाली पडणारी, तुमच्या बोर्डांवर पडते तशी.

‘साडेअकरा’ त्या इवल्या गोल पडद्यावर मावेना. मी अक्षर बारीक करायला निघाले होते. तुम्ही ‘साडे’ वर लहान लिहिलंत आणि ‘अकरा’ खाली ठळक. पडदा काळा असला की बॅटरी वाचते, हे समजावायला मी आकृती काढून आणली होती. “म्हंजे बोर्डाचा काळा पत्रा तसाच सोडायचा,” तुम्ही म्हणालात. आकृती मी परत पिशवीत ठेवली.

आता ती गोष्ट. ती टाळून हे पत्र पूर्ण होणार नाही.

बारा तास, तासाचे चार पाव. तुम्ही अठ्ठेचाळीस ओळी लिहिल्यात, एका बोटाने, आठ दिवस बसून. प्रत्येक वेळेसाठी वेगळी ओळ. मी पाहिलं आणि म्हणाले, “ही यादी झाली अप्पा. याला प्रोग्राम म्हणत नाहीत.”

“मला यादीच येते माय. बोर्डावर ‘क’ काढला म्हणून ‘ख’ आपोआप येत न्हाई. त्यो बी काढावाच लागतो.”

मी हसले, आणि तुमच्या ओळी बाजूला काढून सहा ओळींचा नियम लिहिला. आधी ‘साडे’, पुढे तास. सुटसुटीत! दुपारी चार ते सहा तपासला. चोख चालला. तेच घड्याळ हातात घालून तुम्ही दुसऱ्या दिवशी कामाला गेलात.

दीड वाजता तुमचा फोन आला. तुमच्या शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे मेहबूब चाचा मागून ओरडत होते, “लक्ष्मणभाई, बेटी की घड़ी में डेढ़ बजताइच नै क्या?” आणि तुम्ही हसू दाबत म्हणालात, “माय, तुझं घड्याळ साडेएक म्हणायलंय. दीडनं काय घोडं मारलंय तुझं?”

तासाभराने ते ‘साडेदोन’ म्हणालं असणार. तेव्हा तुम्ही फोन केला नाहीत. लाज राखलीत ना माझी?

ही चूक कुठून आली, ते नंतर कळलं. घड्याळ बघायला मी कन्नड शाळेत शिकले. तिथे एकच नियम: ओंदूवरे, एरडूवरे, मूरूवरे, म्हणजे साडेएक, साडेदोन, साडेतीन. तासाला अर्धा जोडला की झालं, अपवाद नाही. घरात जन्मभर दीड आणि अडीच बोलले, पण नियम लिहायला बसले तेव्हा डोकं शाळेतल्या बाकावर जाऊन बसलं. तुमच्या यादीत दीड होतं, अडीच होतं, पाऊणसुद्धा होतं. कारण तुम्ही नियम लिहिला नव्हता, प्रत्येक वेळ कानाने ऐकून लिहिली होती.

त्या दिवशी फोनवर मी एवढंच म्हणाले, “दुरुस्त करते.” तुमच्या अठ्ठेचाळीस ओळी परत लावल्या. तुमची यादी बरोबर होती, हे वाक्य मात्र म्हटलं नाही. पुढच्या आठवड्यात म्हणेन असं ठरवलं होतं. पुढच्या आठवड्यात तुम्ही शाळेची भिंत रंगवायला निघालात आणि वाटेतच गेलात, शिडीपर्यंतही पोचला नाहीत.

तुमची यादी बरोबर होती, अप्पा. माझा नियम चुकला होता.

रविवारी वर्गात मी हेच सांगितलं, दोन्ही कोड शेजारी शेजारी दाखवून. माझा सहा ओळींचा चुकलेला, तुमचा लांबलचक बरोबर. हळ्ळीखेडच्या शरणम्मा अक्का, गौरीचे मुखवटे रंगवतात त्या, सकाळपासून हाताची घडी घालून दाराजवळ बसल्या होत्या. तुमच्या ओळी बघून उठून पुढे आल्या. “इष्टेना? एवढंच? हे तर मला बी येतंय की!” आणि बसल्या लिहायला, कन्नडमध्ये. त्यांच्या मागून बाकीचे आठ.

माझ्या सहा ओळी बघून कुणी उठलं नव्हतं.

जयंतीच्या मिरवणुकीची कमान तुम्ही रंगवायचात, तेव्हा मी विचारायची, “सगळ्या गावाची नावं काढता, तुमचं कुठाय?” तुमचं उत्तर ठरलेलं. “नाव दुकानदाराचं असतंय माय. लोक रंगवणाऱ्याचं नाव वाचत बसले तर गिऱ्हाईक आत कवा जाणार?” कमानीला कुठलं दुकान, असं विचारलं की दुसऱ्या डब्यात ब्रश बुडवायचात!

या घड्याळामागे दुकानदार नाही. मीही नाही. कल्पना तुमची, अक्षरं तुमची, ओळी तुमच्या. त्यातली माझी एकच गोष्ट होती आणि ती काढून टाकावी लागली. जे काम मी केलं नाही, त्यावर माझं नाव मी राहू देत नाही. हा काटेकोरपणा कुणाकडून आला, ते तुम्हाला माहीत आहे.

तुम्हाला वचन देते: त्या अठ्ठेचाळीस ओळींचा नियम मी करणार नाही, आणि दुसऱ्या कुणालाही करू देणार नाही. प्रत्येक नव्या वर्गाचा पहिला धडा त्याच ओळी असतील.

त्या चौकटीतलं माझं नाव खोडून मी ‘लक्ष्मण पेंटर, बसवकल्याण’ असं लिहिणार आहे. तुमची हरकत असेल तर गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवा.

तुमची,
सुजाता