ओरिना नावाची मुलगी

१४ मार्च २०१०
ठेवलंच! बायकोनं, आदितीनं, मुलीसाठी राजमती नाव पक्कं केलं होतं. पण बाळाच्या कानात कुर्र करायचा मान आत्याचा — आणि आत्या म्हणजे माझी प्रभाताई! तिला सकाळीच नवाकोरा ओरिना फोन दिला. तिनं कानात 'ओरिना' सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, झालं बारसं!

आदिती बोलत नाहीये. बोलेल. अख्ख्या जिल्ह्यात ओरिनाची एजन्सी एकट्या माझ्याकडं. कारखान्याच्या चेअरमनपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळ्यांना हाच बटणांचा फोन हवाय. असं नाव गावात दुसऱ्या कुणाचं असेल तर दाखवा!

९ ऑक्टोबर २०१०
राजारामपुरीत दुकानाबाहेर रांग! मुरगूडचा एक पैलवान हटेचना. "पावणं, संपलं म्हणू नगा. त्यो शोकेसमधला तरी द्या की!" दिला काढून.

२२ जून २०१३
जो तो काचेच्या फोनमागं. बोट फिरवायचं म्हणे! ऊसवाल्यांची राठ बोटं काचेला कळत तरी असतील का? मी, वृषभ, सांगतोय, लिहून ठेवा — वर्षभरात सगळे बटणांवर परत येणार.

३ ऑगस्ट २०१६
कंपनीचा मेल आला. ओरिना फोन बनवणं बंद.

५ ऑगस्ट २०१६
दुकानाचं काही नाही. उद्यापासून सगळ्या कंपन्यांचे फोन ठेवतो. आपण काय कुणाला ऐकतोय!

पण पोरगी. पहिलीत आहे. वर्गातला सम्राट म्हणून कुणी तिला "बंद पडलेली" म्हणतो. "बॅटरी उतरली काय गं?" घरी एका शब्दानं बोलली नाही, बाईंनी सांगितलं. हौस माझी आणि भोगतेय ती!

आदितीला म्हटलं, गॅझेटात देऊ, राजमती करून टाकू. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिनं टोमणा मारला नाही. "आधी तिला विचारा की," एवढंच म्हणाली.

८ ऑगस्ट २०१६
फॉर्म पुढ्यात घेऊन पोरीला विचारलं. तिनं वहीतून मान वर केली नाही.

"न्हाय बदलायचं. सम्राटला सांगितलंय मी — कंपनीनं माझं नाव घेतलंतं. मी परत मागितलं, म्हणून ती बंद पडली."