जाळीमागची फळी

मी, मारुती शंकर मेस्त्री, वय ७२, धंदा सुतारकाम, राहणार कोळसेवाडी, कल्याण पूर्व, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वहस्ते लिहून ठेवतो. फुप्फुसं गेली आहेत, डोकं शाबूत आहे, तसा डॉ. आनंद सावे यांचा दाखला सोबत जोडला आहे. पत्नी शेवंती हयात नाही. मुलगा संदेश आणि मुलगी ऐश्वर्या, एवढेच वारस.

१. राहती खोली संदेशला. अट कलम चारमध्ये आहे, ती आधी वाचावी. बँकेतली ठेव दोघांना निम्मी निम्मी.

२. रंधे, पटाश्या, करवती सगळ्या ऐश्वर्याला. संदेशने त्यांना हात लावू नये. माझी चांगली पटाशी त्याने रंगाचा डबा उघडायला वापरली होती, ते मी विसरलेलो नाही.

३. माळ्यावरची सागवानी पेटीही ऐश्वर्याला. ही कॉम्प्युटरची पेटी. नकाशा तिने काढला, आतलं मशीन तिने जोडलं, लाकूडकाम माझं. ठाण्याच्या एका वकिलाची ऑर्डर होती, तिची पहिलीच. नकाशात तिने मागे जाळी दाखवून लिहिलं होतं, 'गरम हवा इथून बाहेर.' मी जन्मभर देव्हारे केले. देव्हाऱ्याची पाठ अखंड असते, जाळी नुसती वरून चिकटवायची. सागाची एवढी देखणी फळी कापायला हात धजेना. म्हटलं, हवेला काय, कुठूनही वाट मिळेल. जाळी वरून चिकटवली, आतून फळी झाकायला काळं कापड ताणलं, तिला सांगितलं धूळ अडवायला. तिला कळलंच नाही.

वकिलाच्या ऑफिसात तासाभरात मशीन तापलं, जळका वास आला आणि बंद पडलं. परत येताना पेटी मांडीवर घेऊन पोर म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं, बाबा." आणि मी काय म्हणावं? "पुढच्या वेळी नीट बघत जा." पुढची वेळ आलीच नाही. तिने ते काम सोडलं. आता शीळफाट्याला एका शोरूममध्ये बिलं फाडते. संदेश अजून दर दिवाळीला सगळ्यांसमोर म्हणतो, "आमच्या इंजिनीअरबाईंनी वकिलाच्या ऑफिसात होम केला!" सगळे हसतात, मी खाली मान घालून चकली खातो. लाज वाटते मला.

४. खोली नावावर करण्याआधी संदेशने कलम तीन ऐश्वर्यासमोर मोठ्याने वाचावं, एक शब्द न गाळता. मग तिने आतलं काळं कापड काढून बघावं. फळी मी नंतर गुपचूप कापली, चूक लपवायला. पण कापलेल्या कडेला पॉलिश नाही, बाकी सगळीकडे आहे. कापून काढलेला तुकडा हत्यारपेटीच्या तळाशी आहे. बसवून बघ, बाळा, चपखल बसेल. मशीन तू बरोबर जोडलं होतंस.

५. ही पेटी बापाची आठवण म्हणून शोकेसमध्ये ठेवू नये. वापरावी नाहीतर फोडावी, तिची मर्जी.

माझं दुकान ज्यांच्या जागेत आहे ते काळुराम पाटील साक्षीला आले. वाचून म्हणाले, "मेस्त्री, सही करतो. पण पोर घरातच आहे ना? मग आत्ताच सांग की तिला!" तेवढ्यात ऐश्वर्या माझी पेज घेऊन आली. "काय लिहिताय एवढं, बाबा?"

"काही नाही गं. लाकडाची यादी."

ती आत गेल्यावर काळुरामांनी सही केली.

ठिकाण : कल्याण
दिनांक : १४ ऑगस्ट २०२५

(सही) मारुती शंकर मेस्त्री

साक्षीदार :
१. (सही) काळुराम पाटील
२. (सही) डॉ. आनंद सावे