मिक्सर की ढकलगाडी

बुधवार, संध्याकाळ. उंब्रज.

आज सांगलीला जाऊन दोन्ही बघून आले, तरी डोक्यातला गोंधळ वाढलाच. मुरघास, म्हणजे मुरवलेला हिरवा चारा, आणि पेंड एकत्र कालवून थेट गव्हाणीत टाकणारा मिक्सर घ्यावा, की साधी ढकलगाडी? यांचा लेहवरून फोन आला, "मिक्सरच घे. आबांची कंबर बघ जरा." कंबर तर मी रोजच बघते. फौजेत बसून सांगायला काय जातंय!

माझे सासरे आबा बारा गाईंना पाटीनं मुरघास घालतात. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलंय. पण गेल्या महिन्यात आमची चांदी गाय आजारी पडली, ते कळलं कुणाला? तिनं मुरघास हुंगून तसाच सोडला, हे आबांनीच पाहिलं. मिक्सर थोडाच बघणार आहे? आणि मग कंबरेचं काय?

चहा देताना शेवटी विचारलंच. "आबा, मिक्सर आणूया का?"

"आण की. मग मी गोठ्यात कशाला यायचं?"

"आवं, गाया बघायला."

"नुसतं बघाय मी पावणा हाय व्हय?"

चुकलंच माझं. की नाही?

ते उठले आणि पाटी भरायला लागले. मी जाऊन दुसरी कड धरली. वाटलं, ओरडतील. ओरडले नाहीत. चांदीपर्यंत दोघांनी मिळून नेली.

उद्या दुकानदाराला फोन करून एवढंच विचारते, ढकलगाडीचा दांडा दोघांना धरता येईल एवढा रुंद आहे का.